चालू मशीनची वायर कोण ओढतं?

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर इंग्रजीत बरंच काही छापलेलं असे, पण माझं खरं काम एका वाक्यात सांगता येतं. मी मशीन पाडायचो आणि ती का पडली ते शोधायचो. अमरावतीला एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं सहा जणांचं ऑफिस होतं. दवाखान्यातले पेशंट कधी चुकून एक जिना जास्त चढून यायचे, भिंतीला लावलेली बारा मशीन आणि त्यांच्या पंख्यांची घरघर पाहून गालावरचा हात काढायचे आणि विचारायचे, "डॉक्टर नाहीत का?" मी म्हणायचो, "दातांचे खाली आहेत." नाही म्हणायला उपटाउपटी आमच्याकडेही चालायचीच.

आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे मंगलाला, लग्नानंतर कितीतरी वर्षं मी काय करतो ते कळलं नव्हतं. तिनं एकदा समोर बसवून विचारलंच. मी सविस्तर सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजे चांगली चालणारी मशीन तुमी मुद्दाम पाडता, अन् मंग ती कावून पडली म्हून चार दिवस डोकं धरून बसता. अन् याले काम म्हणतात?" इतकी अचूक व्याख्या मी आजवर कुठल्याही परिषदेत ऐकलेली नाही.

तिला जे सांगितलं तेच थोडक्यात इथं सांगतो. संगणक म्हटला की आपल्याला पडदा आणि कीबोर्ड दिसतो, पण या सगळ्याच्या खाली कर्नेल नावाचा एक प्रोग्रॅम चालत असतो. मंगल कार्यालयातला मॅनेजर असतो ना, तसा. वरपक्ष, वधूपक्ष, आचारी, बँडवाले, फोटोवाले, सगळे त्याच्याकडेच मागायला येतात. खोली द्या, पाणी सोडा, लाइट लावा. कोणाला काय द्यायचं आणि कधी परत घ्यायचं हे तो ठरवतो. वरपक्ष रुसला तरी लग्न लागतं, बँडवाला पळून गेला तरी लागतं, पण मॅनेजर चक्कर येऊन पडला तर सगळं जिथल्या तिथं थांबतं. कर्नेल पडणं म्हणजे ते.

आता हा मॅनेजर कशानं पडतो हे आधीच कळावं म्हणून आम्ही त्याला छळायचो. या छळाला फझिंग म्हणतात. एक प्रोग्रॅम लिहायचा, आणि त्यानं दिवसरात्र कर्नेलकडे वेड्यासारख्या मागण्या करत राहायचं. उणे तीन खुर्च्या द्या. न घेतलेली खोली परत घ्या. दार उघडायच्या आधी बंद करा, आणि बंद केल्यावर पुन्हा बंद करा. मॅनेजर 'नाही' म्हणाला तर तो शहाणा. पडला तर आमचं काम सुरू. पडण्याआधी झालेल्या हजारभर मागण्यांतून एकेक काढून पाहायची, आणि तरीही तो पडतोय का ते बघायचं. तांदूळ निवडल्यासारखं निवडत गेलं की शेवटी पाच-सहा मागण्या उरतात, ज्यांनी मॅनेजर हमखास पडतो. त्या हातात आल्या की निम्मी लढाई जिंकलेली असते.

उरलेली निम्मी मात्र फार खट्याळ. काही चुका इतक्या लाजाळू असतात की तुम्ही पाहायला गेलात की लपतात. तपासासाठी प्रोग्रॅममध्ये एक साधी ओळ टाकली, की सगळ्याचा वेग केसभर बदलतो आणि चूक घडायचीच बंद होते. ओळ काढली की पुन्हा हजर. आमच्या ऑफिसात अशा एका चुकीसाठी मी सव्वा महिना घालवला आहे. दुसरी एक चूक त्याहून मजेशीर. मे महिन्यात एक मशीन रोज दुपारी पडू लागलं. रोज वेगळ्या जागी, रोज वेगळं कारण. तीन दिवस मी कर्नेलच्या हजारो ओळी उलट्यापालट्या केल्या, दोन परदेशी माणसांना पत्रं लिहिली, एकाला तर जरा फटकारलंही. चौथ्या दिवशी मंगला डबा द्यायला आली आणि दारातूनच म्हणाली, "अवो, कूलरमंदी पाणीच नाई तुमच्या." वाळ्याच्या कोरड्या जाळीतून अमरावतीची गरम हवा सरळ मशीनवर येत होती आणि मशीनची मेमरी तापून भलतंसलतं बोलत होती. दोन बादल्या पाणी ओतलं आणि चूक गेली. त्या परदेशी गृहस्थाला मी माफीचं पत्र लिहिलं. अमरावतीच्या मे महिन्याचं वर्णन इंग्रजीत करायला मला अर्धा दिवस लागला.

हे सगळं हसत सांगतोय, पण ती वर्षं आमच्या वऱ्हाडाला हसण्याची नव्हती. मी वलगावचा, माझे वडील तिथं शाळेत शिक्षक. माझ्याबरोबर शाळेत असलेले निम्मे लोक शेतीत होते. पाऊस दांडी मारायचा, नाही तर नको तेव्हा यायचा, आणि एका वर्षी तर बोंडं फोडावीत तर आत गुलाबी अळी. गावी गेलो की मित्र विचारायचे, "काय चालू हाये बावा तुह्यं?" ज्यांचं उभं पीक गेलंय त्यांना मी काय सांगू, की माझं मशीन काल सतरा वेळा पडलं? मी "बरं चालू आहे" म्हणायचो. आपल्या कामाचा इथल्या मातीशी काही संबंध नाही ही खंत मला कायम होती. तो संबंध एकदा आला, आणि आला तो माझी फजिती करत आला. तेच सांगायला बसलो आहे.

रुखसाना आमच्याकडे आली ती अकोल्याहून. जुन्या शहरात तिचं घर. वडील शिंपीकाम करायचे. अमरावतीला मावशीकडे राहून तिनं इंजिनिअरिंग केलं होतं. मुलाखतीत मी नेहमीचा प्रश्न विचारला, कर्नेलमध्ये चूक कुठं असते? पुस्तकी पोरं इथं व्याख्यान देतात. ती म्हणाली, "सर, जिथं मशीन पडते तिथं नसते, एवढं मला माहिती आहे." मी तिथंच तिला घेऊन टाकलं. कारण हे समजायला लोकांना पाच वर्षं लागतात.

तिचा मुद्दा समजावून सांगतो, पुढे लागणार आहे. मॅनेजरनं एका पाहुण्याला खोली दिली. पाहुण्याचं काम संपायच्या आधीच खोली रिकामी झाली असं समजून मॅनेजरनं ती वहीतून कमी केली, पण किल्ली पाहुण्याकडेच राहिली. तेव्हा काहीच होत नाही. घंटाभरानं तीच खोली नवरीच्या मावशीला दिली जाते, मावशी आत दागिने ठेवते, आणि जुना पाहुणा किल्लीनं दार उघडून आत येतो. बोंबाबोंब होते मावशीच्या नावानं. रिपोर्टात मावशी दिसते. चूक मात्र मॅनेजरच्या त्या घाईची. कर्नेलमधल्या बऱ्याच चुका या जातीच्या असतात. पडणारा निर्दोष असतो आणि दोषी कधीच निघून गेलेला असतो.

रुखसानाचे मामा, हमीदभाई, यांची अकोल्याला एमआयडीसीच्या बाजूला जिनिंग होती. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी होते आणि रुई मोठ्या पाइपातून हवेनं ओढली जाते. कापसात एखादा खडा किंवा खिळा आला, यंत्रावर घासला, की ठिणगी. ठिणगी रुईत बसून पाइपातून ढिगापर्यंत जाते, आणि ढीग पेटला की बंब येईस्तोवर काही उरत नाही. हमीदभाईंच्या जिनात एकदा अशी आग लागली होती. त्यांचे जुने फिटर वासुदेवभाऊ पाइपाजवळच उभे असतात, त्यांचे दोन्ही हात तेव्हा कोपरापर्यंत भाजले. कातडी अजून गुळगुळीत आहे. त्यानंतर हमीदभाईंना ठिणगीचं नाव काढलं तरी झोप लागत नसे. आजूबाजूच्या कितीतरी जिन माल नाही म्हणून बंद पडल्या होत्या. हे आपली चालू ठेवून होते.

रुखसानानं त्यांच्यासाठी एक डबा बनवला. पाइपात ठिणगी पाहणारा सेन्सर, त्याची वायर एका छोट्या संगणकाला, आणि ठिणगी दिसली की संगणक पंखा बंद करून पाण्याचा फवारा सोडणार. मी परवानगी दिली, सुट्ट्या भागांची यादी पाहिली, शाबासकी दिली. हमीदभाई आधी ऐकेनात. "बेटा, आग पाण्यानं विझते, कंप्युटरनं नाई," म्हणाले. तिनं त्यांच्यासमोर काडी पेटवून पाइपाजवळ नेली. पंखा बंद, फवारा सुरू, मामू चिंब. त्या दिवसापासून डबा लागला आणि बादल्या घेऊन उभी असलेली दोन माणसं दुसऱ्या कामाला लागली. वासुदेवभाऊंचे हात आता त्या डब्याच्या भरवशावर होते, आणि तो भरवसा रुखसानानं दिलेला होता.

इकडं अमरावतीला आमच्या छळयंत्रानं एक नवी चूक पकडली. मागण्या मोजून पाच. सेन्सर उघडा, वाचायला लागा, वाचता वाचता वायर ओढल्याचं सोंग करा, मग बंद करा, मग दुसरं काही मागा. धाडकन कर्नेल खाली. कर्नेलमधला सेन्सरचा तो भाग मी लिहिलेला होता, अकरा वर्षांपूर्वी. मी नुकताच पुण्याहून परत आलो होतो आणि जगभरातली माणसं मिळून जो कर्नेल लिहितात त्यात माझं लेखन पहिल्यांदाच स्वीकारलं गेलं होतं. त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले होते.

रुखसाना रिपोर्ट घेऊन आली. मी वाचला आणि म्हणालो, "चालू मशीनची वायर कोण ओढतं? हे फझिंगचे चोचले आहेत. खाली टाका यादीत."

"सर, पण पडतंय तर खरं."

"डोक्यावर उभं राहून जेवलं तर ठसकाही लागतो. उद्या बघू."

तो उद्या काही माझ्याकडे उगवेना. पंधरा दिवसांनी तिनं स्वतःच दुरुस्ती करून आणली. सुंदर काम होतं. पाहुण्यानं किल्ली परत दिल्याशिवाय खोली रिकामी धरायची नाही, एवढंच, पण नेमकं. मी वाचत खाली आलो आणि शेवटच्या ओळींवर थांबलो.

आमच्यात, म्हणजे कर्नेल लिहिणाऱ्यांत, एक रिवाज आहे. दुरुस्ती पाठवताना सोबत एक पत्र जातं. काय बिघडलं, कसं नीट केलं. त्याखाली नावं, कोणाला सापडलं, कोणी दुरुस्त केलं, कोणी तपासलं. आणि एक ओळ असते, ही चूक मुळात कोणत्या जुन्या बदलातून आली त्याची. त्या बदलाला नंबर असतो आणि त्यावर लिहिणाऱ्याचं नाव. जगात कोणीही, कधीही काढून पाहू शकतं. ती शिवी नसते. सगळ्यांची नावं कधी ना कधी त्या ओळीत येतात. पण आपलं नाव आपलं असतं.

रुखसानाच्या पत्रात ती ओळ नव्हती.

मला कारण लगेच कळलं. सरांच्या चुकीवर बोट कसं ठेवायचं, म्हणून पोरीनं ती गाळली होती. वडीलधाऱ्या माणसाचं चुकलं तर आपण खाली पाहायचं, हे आपल्याकडे कोणी शिकवावं लागत नाही. आणि मी? खरं सांगतो, मला बरं वाटलं. मनात म्हटलं, पोरगी संस्कारी आहे. मी खाली माझी सही टाकली, 'तपासलं', आणि पत्र जाऊ दिलं.

आता त्या ओळीचा दुसरा उपयोग सांगतो, जो मला माहीत होता आणि मी तिला कधी सांगितला नव्हता. मी तिला तो केवळ रिवाज म्हणून शिकवला होता. कर्नेलच्या नव्या आवृत्त्या येत असतात, पण कारखान्यातली, दवाखान्यातली यंत्रं जुन्या, मुरलेल्या आवृत्त्यांवर चालतात. त्या जुन्या आवृत्त्या सांभाळणारे लोक नव्या दुरुस्त्या चाळतात आणि नेमकी ती ओळ पाहतात. चूक अमुक वर्षी आत शिरली, म्हणजे त्यानंतरच्या सगळ्या आवृत्त्यांना हे औषध द्यायला हवं. ओळ नसली तर कोणाला पत्ता लागत नाही, आणि औषध नव्या आवृत्तीतच राहतं. हे मला सही करताना आठवलं का? पुसटसं आठवलं. मी स्वतःची समजूत घातली की तो जुना सेन्सर आता कोण वापरतंय.

दिवाळी झाली, कापूस यायला लागला आणि हमीदभाईंचा रुखसानाला फोन आला. डबा मधेच झोपतो. मिनिटभर दिवा जातो, मग आपोआप उठतो. पहिल्यांदा आम्ही म्हणालो, लाइटचा खेळ असेल. वेगळा इन्व्हर्टर बसवला. तरी झोपला. रुखसानानं डब्यातल्या नोंदी मागवल्या. एकदा दोष नेटवर्कचा दिसत होता, एकदा डिस्कचा, एकदा घड्याळाचा. ती सगळीकडे शोधत गेली. मी तिला विचारलं, "ती वायरवाली चूक नाही ना?" ती म्हणाली, "नाही सर, ती तर दुरुस्त झाली. मी मागच्या महिन्यात डब्यातला कर्नेल अपडेट केला." कोणता चढवला, नव्या आवृत्तीचा की जुन्याच आवृत्तीचा पुढचा नंबर, हे मी विचारायला हवं होतं. ओठावर आलं होतं. विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल याची मला भीती वाटली. तीस वर्षांच्या नोकरीत मला ज्या क्षणाची सगळ्यात जास्त लाज वाटते तो हाच.

त्यानंतरच्या सोमवारी डबा झोपलेला असतानाच ठिणगी आली. वासुदेवभाऊंना जळका वास आला, त्यांनी ओलं पोतं घेऊन त्याच हातांनी ढीग बडवला. हातभर रुई काळी पडली, कोणाला काही झालं नाही. हमीदभाईंचा फोन या वेळी मला आला. आवाज शांत होता, तेच वाईट. "इंजनेर साहेब, शुक्रवारी मी हा डबा काढून ठेवतो. पोट्टीनं जबान दिली म्हून लावलाता. माह्या माणसाचे हात दुसऱ्यांदा नाई जाळू शकत मी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी आणि रुखसाना अकोल्याला गेलो. मूर्तिजापूर आल्यावर ती म्हणाली, "सर, मामूंनी डबा काढला तर काढला. पण वासुदेवचाचांनी मला काही म्हटलं नाही, याचंच वाईट वाटतं."

जिनात रुईचे तंतू हवेत तरंगत असतात. दहा मिनिटांत आम्ही दोघं पांढरे झालो. मी डब्याजवळ खुर्ची टाकून बसलो आणि ठरवलं की काही करायचं नाही, नुसतं पाहायचं. तासाभरात वासुदेवभाऊ आले. त्यांनी चालू सेन्सरची वायर खस्सकन ओढली, टोकावर फुंकर मारली, धोतराच्या सोग्यानं पुसली, परत खोचली आणि जायला निघाले.

"वासुदेवभाऊ," मी म्हणालो, "हे काय केलंत?"

"काय केलं? रुई बसते ना तिच्यावर. फुकून देतो."

"दिवसातून किती वेळा?"

"जितक्यांदा याद येते तितक्यांदा. दहा, पंधरा. माल लय असला तं वीस." मग जरा काळजीनं म्हणाले, "कावून, नाई फुकाव काय?"

मी हसायला लागलो आणि मला थांबता येईना. चालू मशीनची वायर कोण ओढतं असं मी जिला विचारलं होतं ती समोरच उभी होती. तिला हसू येत नव्हतं. तिनं डब्यातल्या कर्नेलचा नंबर पाहिला. जुन्याच आवृत्तीचा पुढचा नंबर. दुरुस्ती त्यात आलेलीच नव्हती. ती का आली नाही आणि त्या गाळलेल्या ओळीचं खरं काम काय, ते मी तिला तिथंच सांगितलं. मी पिशवीतून आणलेला, चुका जागच्या जागी पकडणारा कर्नेल डब्यात चढवला आणि वासुदेवभाऊंना म्हणालो, "फुंका." नवव्या फुंकरीला डबा पडला, आणि पडद्यावर पहिल्यांदाच खरं नाव आलं. अकरा वर्षांपूर्वीचं माझं काम. ज्याचे पेढे वाटले होते ते.

तेवढ्यात हमीदभाई आले. पांढरा सदरा, वर रुईचा थर. "भेटलं का काई?"

मी तोंड उघडायच्या आत रुखसाना म्हणाली, "मामू, गलती माही हाये. दुरुस्ती केलती म्या, पण तिच्यासंगं एक ओळ लिवा लागते ते लिवली नाई. म्हून ते इथवर आली नाई."

हमीदभाईंनी तिच्याकडे पाहिलं. वासुदेवभाऊ खाली पाहू लागले. एक क्षण असा आला की मी गप्प बसलो असतो तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. मामा भाचीवर रागावले असते आणि महिनाभरानं विसरलेही असते. पण समोर ते गुळगुळीत हात होते.

"हमीदभाई," मी म्हणालो, "ती खोटं बोलत नाही, पण पूर्ण सांगत नाही. मशीन पडतं ते माझ्या कामामुळं. ते मी लिहिलं होतं. हिनं आधी सांगितलं तेव्हा मी म्हणालो, वायर कोण ओढतं. हिनं दुरुस्त केलं आणि माझी चूक जगाला दिसू नये म्हणून ती ओळ गाळली. मी ते पाहिलं आणि सही केली. ओळ कशाला लागते हे मला ठाऊक होतं. हिला नव्हतं."

हमीदभाई म्हणाले, "आता नीट कराले किती टाइम?"

"डब्यापुरतं घंटाभर. बाकी जगाला एक पत्र."

"मंग करा ना. उभे कावून हाये?"

जिनाच्या ऑफिसात, वजनकाट्याच्या खिडकीशेजारी बसून रुखसानानं दुरुस्ती डब्यात चढवली. जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना पत्र मी लिहिलं. ही दुरुस्ती मागेपर्यंत घ्या, चूक अमुक बदलातून आली, तो बदल माझा, ती ओळ राहिली ती माझ्या सहीखाली राहिली. नेहमी मी पत्र दोनदा वाचून पाठवतो. हे एकदाच वाचलं. पाठवल्यावर छातीवरून पोतं उतरल्यासारखं वाटलं. रुखसाना मागून वाचत होती. ती म्हणाली, "सर, एवढं सगळं लिहायची गरज नव्हती." मी म्हणालो, "संस्कार पुरे झाले. यापुढे माझं चुकलं तर पहिली ओळ तीच लिहायची." त्यानंतर तिनं माझ्या इतक्या चुका काढल्या की मला ते वाक्य मागे घ्यावंसं वाटू लागलं.

मग परीक्षा झाली. हमीदभाईंनी वासुदेवभाऊंना बाजूला केलं आणि स्वतः वायर ओढायला बसले. ओढायचे, फुंकायचे, खोचायचे. चाळीसपर्यंत मी मोजलं. प्रत्येक ओढीला रुखसाना डोळे मिटत होती. पण ही चूक लगेच दिसत नसते म्हणून आम्ही थांबलो. चहा झाला, पुन्हा चहा झाला. दिवा हिरवा तो हिरवाच. शेवटी वासुदेवभाऊंनी काडी पेटवून पाइपाशी नेली. पंखा थांबला, फवारा उडाला.

हमीदभाई सदरा झटकत माझ्याशेजारी येऊन बसले.

"ते पत्र तुमी धाडलं," ते म्हणाले, "त्याच्यात तुमचं नाव हाये म्हणता. गलती तुमची म्हून."

"आहे."

"कोण कोण पाहू शकते?"

"जगात कोणीही."

"अन् दोन-चार वर्सांनं पुसता येते?"

"नाही. ते कायमचं राहतं."

त्यांनी वासुदेवभाऊंना हाक मारली. "वासुदेव, शुक्रवारचं काई नाई. डबा राहू दे."